टर्मिनलशी बोलायचं असेल तर एंटरचा शब्द वेगळा ठेवा

ग्वाल्हेरच्या एका लिनक्स अ‍ॅडमिननं विचारलंय: उजव्या मनगटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी 6 आठवडे टायपिंग बंद केलंय, पण सर्व्हरचं काम थांबवता येत नाही. बोलून लिहायचं सॉफ्टवेअर ईमेलमध्ये छान चालतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहून मशीन चालवायच्या खिडकीत, मात्र 'एलएस' ही कमांड म्हटली की कुणाचं तरी नाव उमटतं, 'सुडो'चं भलतंच काही होतं, मधेच कॅपिटल अक्षरं येतात. याहून चांगलं, पैसे मोजून घ्यावं असं सॉफ्टवेअर कुठलं? आणि ऑफिसात सगळ्यांच्या देखत हे बोलायचं कसं?

मी इंदूरला असते, लहान कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. 2017 मध्ये माझी दोन्ही मनगटं गेली, तेव्हापासून दिवसातलं निम्म्याहून जास्त काम बोलून करते. तुमची घालमेल मला पुरती कळते, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. कमांड मी इथे जशा तोंडानं म्हणते तशाच लिहिल्यात, कारण इथे प्रश्नच उच्चारांचा आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. सॉफ्टवेअर महाग घेतल्यानं तुमची अडचण सुटणार नाही. ईमेलमध्ये ते छान चालतं म्हणजे त्याचे कान चांगले आहेत. अडचण ही की ते वाक्यं ऐकायला शिकलेलं आहे आणि तुम्ही त्याला वाक्यं नसलेलं काहीतरी ऐकवताय. डिक्टेशनचं इंजिन आवाज ओळखताना नुसता आवाज बघत नाही, आधीच्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त तेही बघतं. 'सुडो' त्यानं फारसं ऐकलेलं नाही, 'स्यूडो' भरपूर ऐकलंय, म्हणून ते स्यूडो लिहितं. 'ग्रेप' या कमांडची द्राक्षं होतात ती याच कारणानं. उलट कॅट, हेड, टेल, सॉर्ट, किल, टच या कमांड मुळात इंग्रजीतले साधे शब्द आहेत, त्या बऱ्याचदा बरोबर येतात. त्यातही 'टेल' म्हणजे शेपूट की गोष्ट हे ते आजूबाजूच्या वाक्यावरून ठरवतं, आणि टर्मिनलमध्ये आजूबाजूला वाक्य नसतंच.

दुसरी अडचण याहून मोठी आहे, पण ती चटकन लक्षात येत नाही. ईमेलची चौकट ही मजकुराची चौकट असते. डिक्टेशनचं सॉफ्टवेअर तिला विचारू शकतं, कर्सर कुठे आहे, आधीचा शब्द कुठला, वाक्य संपलंय का. त्यावरून ते पहिलं अक्षर कॅपिटल करतं, दोन शब्दांत जागा सोडतं, 'मागचा शब्द बदल' म्हटलं की नेमका तोच शब्द निवडतं. टर्मिनलकडून यातलं काहीच नीट कळत नाही. प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी खूण) कुठे संपला, आउटपुट कुठलं, तुम्ही लिहिलेलं कुठलं, त्याच्या दृष्टीनं सगळा एकच पडदा. मग ते अंदाजानं बॅकस्पेस मारतं आणि अंदाज चुकला की कमांडचा भलताच तुकडा खातं. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो, जागा सुटली तर अर्थ बदलतो, आणि दोन डॅश म्हटल्यावर सॉफ्टवेअरनं सौजन्यानं त्याची एक लांब रेघ केली तर कमांडला तो पर्याय ओळखता येत नाही. हे सौजन्य सेटिंगमधून जितकं बंद करता येईल तितकं करा: आपोआप कॅपिटल, आपोआप विरामचिन्हं, गोलाईदार अवतरणचिन्हं, सगळं. तेवढ्यानं थोडा आराम पडेल, पण मूळ प्रश्न तसाच राहील.

मूळ प्रश्न म्हणजे टर्मिनलमध्ये चूक दुरुस्त करायची संधी फक्त एंटर दाबेपर्यंत असते. ईमेलमध्ये चुकीचा शब्द गेला तर लाज वाटते. टर्मिनलमध्ये चुकीचा शब्द गेला तर एखादी डिरेक्टरी जाते. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: कमांड मजकूर म्हणून बोलायच्या नाहीत, आणि लिहिणं व चालवणं ही दोन कामं कधीही एका दमात होऊ द्यायची नाहीत.

पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मशीन विंडोज, मॅक की लिनक्स. लिनक्स असेल तर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारं वेलँड की जुनं एक्स-इलेव्हन. काम बसल्या मशीनवर की एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनवर. डाव्या हातानं एखादं बटण किंवा पायानं पेडल दाबता येतं का. आणि कंपनी आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ देते का. शेवटचा मुद्दा आजच विचारून घ्या. विंडोजमध्ये विंडोज आणि एच दाबल्यावर जे व्हॉइस टायपिंग उघडतं, ते आवाज इंटरनेटवरून पाठवून ओळखतं. ग्राहकाच्या सर्व्हरची नावं आणि आयपी असे मोठ्यानं बोलून बाहेर पाठवणं मला पटत नाही.

आता बोलून कमांड देण्याबद्दल. डिक्टेशनच्या इंजिनसमोर लाखभर शब्द असतात, त्यातून ते निवडतं. तुम्ही त्याला सांगितलंत, की माझ्या तोंडून फक्त हे दीडशे शब्द येणार, याखेरीज काही येणारच नाही, तर तेच इंजिन एकदम हुशार होतं. याला बंद व्याकरण म्हणतात. टॅलन नावाचं सॉफ्टवेअर वापरणारे 'ए'साठी एअर, 'बी'साठी बॅट, 'सी'साठी कॅप, 'पी'साठी पिट असे छोटे शब्द वापरतात. आपण 'पिट' म्हणताना 'प'मध्ये हवा कमी सोडतो, त्यामुळे अमेरिकन आवाजांवर शिकलेल्या इंजिनला ते 'बिट' ऐकू येऊ शकतं. पण यादीत 'बिट' नाहीच, त्यामुळे ते मुकाट्यानं 'पिट' घेतं. आपल्या उच्चारांवर याहून स्वस्त इलाज मला माहीत नाही.

ही युक्ती जुनी आहे. ड्रॅगन नॅचरली-स्पीकिंग हे डिक्टेशनचं सॉफ्टवेअर 1997 साली आलं आणि शब्दाशब्दाला न थांबता बोलून लिहिता येऊ लागलं. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं त्यानं भागेना. मग नॅटलिंक आणि ड्रॅगनफ्लाय या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साधनांनी ड्रॅगनला स्वतःच्या शब्दयाद्या जोडता येऊ लागल्या. 2013 च्या पायकॉन या पायथनवाल्यांच्या परिषदेत टॅव्हिस रड यांनी याच मार्गानं, तुटक बनवलेले शब्द बोलत, प्रत्यक्ष कोड लिहून दाखवला होता. त्यांचेही हात टायपिंगनं दुखावलेले होते. ते व्याख्यान जरूर बघा. माझ्या सर्वांत वाईट दिवसांत मी ते तीनदा बघितलं, आणि हे काम सुटणार नाही हा धीर मला तिथे मिळाला. माझीही सुरुवात ड्रॅगननंच झाली: विंडोज एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, त्यात ड्रॅगन, आणि ओळखलेली कमांड एनिया नावाच्या दुव्यानं बाहेरच्या लिनक्सकडे. चालायचं, पण एक कडी निखळली की सगळी सकाळ जायची. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी तो रस्ता सांगणार नाही. मॅकवरचं ड्रॅगन तर 2018 मध्येच बंद झालं.

आज माझा सल्ला असा. तुमचं मशीन मॅक, विंडोज किंवा एक्स-इलेव्हनवालं लिनक्स असेल तर टॅलन घ्या. ते फुकट मिळतं, आवाज तुमच्याच मशीनवर ओळखतं, आणि वापरणाऱ्यांनी मिळून जमवलेल्या तयार कमांड त्यात टाकता येतात. इंग्रजी शब्दांची वर्णमाला पाठ करायला मला आठवडा लागला, तुम्हालाही साधारण तेवढाच लागेल. वेलँड असेल, किंवा माझ्यासारखं सगळं स्वतःच्या हाताखाली ठेवायचं असेल, तर व्होस्क बघा. व्होस्क हे तयार सॉफ्टवेअर नाही, आवाज ओळखणारी लायब्ररी आहे. वरचा पायथन आपण लिहायचा. पण तो शंभर ओळींच्या आत बसतो. लहान मॉडेल साधारण 50 एमबीचं असतं आणि चालताना 300 एमबीच्या आसपास मेमरी घेतं, म्हणजे जुन्या लॅपटॉपवरही भागतं. ओळखणारा तयार करतानाच त्याला शब्दांची यादी देता येते. हे मुख्यतः लहान मॉडेलांनाच जमतं, त्यामुळे मोठं मॉडेल उतरवायच्या मोहात पडू नका. आणि यादीच्या शेवटी 'अनोळखी' या अर्थाची खूण न विसरता घाला. ती नसली की बंद व्याकरणाला खोकलासुद्धा कुठल्यातरी कमांडसारखा वाटतो.

व्होस्कचं भारतीय इंग्रजीचं मॉडेल आहे, आणि हिंदीचंही आहे. माझं बरंचसं काम मी हिंदी मॉडेलवर हलवलंय. आपण इंदूर-ग्वाल्हेरची मराठी माणसं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलत मोठे झालो. 'डमरू', 'पतंग', 'बादल', 'जलेबी' हे शब्द तोंडात आपोआप येतात, त्यासाठी जीभ वळवावी लागत नाही. दिवसभर बोलायचं असतं तेव्हा हा फरक गळ्याला कळतो. माझी वर्णमाला अशीच आहे: 'डी'ला डमरू, 'पी'ला पतंग, 'बी'ला बादल, 'टी'ला टमाटर, 'जे'ला जलेबी, 'के'ला कमल. इंग्रजी अक्षरांची नुसती नावं घेऊ नका. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही, ही सगळी एकाच 'ई'वर संपतात आणि कुठल्याही इंजिनला त्यांत फरक करणं जड जातं. एक अट लक्षात ठेवा: शब्द मॉडेलच्या शब्दसाठ्यात असावा लागतो. नसेल तर व्होस्क सुरू होतानाच इशारा देऊन तो शब्द गाळतं आणि पुढे तुम्ही तो कितीही घसा फोडून म्हणा, त्याला ऐकू येणार नाही. मराठी शब्दांचं बहुधा असंच होतं, म्हणून दोन्ही भाषांत चालणारे शब्द निवडा. फार लहान शब्दही टाळा. एकाक्षरी शब्द गोंगाटात हरवतो. दोन-तीन अक्षरांचा शब्द टिकतो.

आकड्यांच्या बाबतीत मात्र आपल्या भाषा आपल्याला दगा देतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. उनतीस, उनतालीस, उनचास. माणसांचाही गोंधळ होतो तिथे यंत्राला दोष काय देणार. म्हणून यादीत शून्य ते नऊ एवढेच दहा शब्द ठेवा आणि एकेक अंक म्हणा. आयपी पत्ते तर बोलूच नका. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हरला नाव द्या आणि ते नाव यादीत घाला. मी माझ्या सर्व्हरांना नद्यांची नावं दिलीत. 'शिप्रा' म्हटलं की त्या सर्व्हरवर पोचते.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले तिच्याकडे येते. एंटर.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एंटरसाठी शब्द होता 'एंटर'. दुसरा असायचं कारणच काय, असं वाटायचं. एका संध्याकाळी एका ग्राहकाच्या चाचणी सर्व्हरवरचे जुने लॉग काढत होते. पुसण्याची कमांड 'आरएम डॅश आर' झाली, पाथ अर्धा झाला, मुख्य डिरेक्टरीपर्यंत आला, आणि तेवढ्यात हाताखाली शिकणाऱ्या मुलीचा फोन आला. ती दुसऱ्याच एका मशीनवर अडकली होती. मी माइक बंद न करता तिला समजावत राहिले, आणि म्हणाले, "हं, आता एंटर दाब." तिनं दाबला की नाही आठवत नाही. माझ्याकडे दाबला गेला. लॉगच्या मुख्य डिरेक्टरीखालचं सगळं गेलं, त्या महिन्याच्या चाचण्यांचे निकालही त्यातच होते. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावलं. पण त्या ग्राहकाला फोन करून ते सांगणं मला अजून आठवतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा की एंटरचा शब्द बोलायला अवघड हवा आणि थांबवण्याचा शब्द सोपा हवा. एंटरसाठी दोन शब्दांची जोडी घ्या, घरात, फोनवर, चहाच्या टपरीवर कधीही तोंडात येणार नाही अशी. माझी आहे 'तोप दागो'. या जोडीत दुसरं काही मिसळता येत नाही, म्हणजे कमांड आणि 'तोप दागो' एका दमात म्हटलं तरी माझा प्रोग्रॅम कमांड लिहितो आणि जोडी फेकून देतो. मधे थांबायचं, ओळ डोळ्यांनी वाचायची, मग ती जोडी स्वतंत्र म्हणायची. सुरुवातीला हे फार संथ वाटतं. वाटू द्या. उलट चालू कमांड थांबवणाऱ्या कंट्रोल-सीसाठी 'रुको' आहे, तो कुठल्याही क्षणी चालतो, दोनदा ऐकू आला तरी काही बिघडत नाही. माइक झोपवायला एक शब्द आणि उठवायला दुसरी एक जोडी, हेही याच विचारानं: झोपवणं सोपं, उठवणं अवघड. डाव्या हाताला किंवा पायाला परवानगी असेल तर त्याहून उत्तम, एंटर आवाजाकडे देऊच नका. एक पेडल घ्या, तेवढ्यापुरतंच.

याच कारणानं व्हिस्पर या आवाजाचा मजकूर करणाऱ्या मॉडेलबद्दल सावध करते, कारण तुम्हाला ते कुणीतरी नक्की सुचवेल. ओपनएआयनं सप्टेंबर 2022 मध्ये ते खुलं केलं आणि लांब बोलणं लिहून घ्यायला ते खरोखर सुंदर आहे. कोडमधल्या बदलांचे (कमिटचे) संदेश, ग्राहकांना पत्रं, स्क्रिप्टमधल्या टिपा मी त्यालाच सांगते. पण ते 30 सेकंदांच्या तुकड्यांत आवाज बघायला शिकलंय, आणि शांतता किंवा नुसता पंख्याचा आवाज ऐकला की कधी कधी न बोललेलं वाक्यही स्वतःच तयार करून लिहितं. पत्रात ते वाक्य खोडता येतं. प्रॉम्प्टवर अशी वाक्यं पोचू देऊ नका.

सॉफ्टवेअर जुळल्यावर टर्मिनललाही थोडं शिकवावं लागतं, आणि माझ्या अनुभवात निम्मा आराम इथूनच मिळतो. बोलायचं कमी असेल तर चुका कमी. रोजच्या लांब कमांडना एलियस, म्हणजे टोपणनावं, द्या आणि एलियसची नावं उच्चारायला सोपी ठेवा, लिहायला आखूड नव्हे. हातानं टाइप करताना 'गिट स्टेटस' या कमांडसाठी 'जीएसटी' छान वाटतं, तोंडाला मात्र 'स्टेटस' सोपं. टॅबला एक शब्द द्या, फाइलची दोन अक्षरं म्हणा आणि टॅब करा, उरलेलं नाव आपोआप भरतं. जुनी कमांड शोधायला कंट्रोल-आर, त्यावर एफझेडएफ हे शोधायचं साधन बसवलंत तर आणखी चांगलं: दोन-तीन अक्षरांत यादी आटोपशीर होते.

लांब आणि गुंतागुंतीची कमांड असेल तर ती प्रॉम्प्टवर रचूच नका. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-ई दाबलं की चालू ओळ एडिटरमध्ये उघडते. तिथे अनडू (केलेलं उलटवायची सोय) आहे, शब्दाशब्दानं फिरता येतं, चूक निवांतपणे सुधारता येते. पण नीट लक्ष द्या: बॅश एडिटर सेव्ह करून बंद होताक्षणी ती कमांड चालवतो, परत दाखवत नाही. मन बदललं तर फाइल रिकामी करून बाहेर पडा. झेड-शेलमध्ये हीच सोय बसवली तर ओळ परत प्रॉम्प्टवर येते आणि एंटरची वाट बघते. बोलून काम करणाऱ्यासाठी हा फरक एवढा मोठा आहे, की निव्वळ त्यासाठी मी माझ्या मशीनवर झेड-शेलकडे गेले.

तसंच ब्रॅकेटेड पेस्टचं. ओळखलेला मजकूर एकेक बटण दाबल्यासारखा पाठवला आणि त्यात चुकून नवी ओळ आली, तर तो एंटरच होतो. तोच मजकूर पेस्ट म्हणून पाठवला आणि शेलला ब्रॅकेटेड पेस्ट कळत असेल, तर नवी ओळ नुसती दिसते, चालत नाही. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या बॅश 5.1 पासून हे आपोआप सुरू असतं. जुन्या सर्व्हरवर मात्र नाही. सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सवर बॅश 4.2 आहे, आणि ती मशीनं अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. तुमच्याकडे असतील तर तिथे जास्त जपून बोला.

टीमक्सबद्दल, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक चौकटी चालवणाऱ्या साधनाबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या जुळणीचा तो कणा आहे. साधारणपणे डिक्टेशनचं सॉफ्टवेअर खोटा कीबोर्ड बनून, समोर जी खिडकी असेल तिच्यात लिहितं. म्हणजे तुम्ही बोलत असताना चॅटची खिडकी पुढे आली, तर तुमची कमांड साहेबांच्या नावावर जाते. वेलँडवर तर एक्सडूटूलसारखा खोटा कीबोर्ड वेलँडच्या खिडक्यांना लिहूही शकत नाही; वायडूटूल लिहू शकतं, पण त्याला वेगळे अधिकार द्यावे लागतात. मी हा सगळा गुंता टाळलाय. माझा पायथन टीमक्सला 'सेंड-कीज'नं थेट सांगतो, की अमुक सत्रातल्या अमुक चौकटीत हा मजकूर टाक. त्यात 'डॅश एल' हा पर्याय दिला की मजकूर जसाच्या तसा जातो. एंटर हा शब्द आला तरी तो शब्दच राहतो, बटण होत नाही. समोर कुठली खिडकी आहे याच्याशी काही संबंध नाही, एक्स-इलेव्हन की वेलँड याच्याशीही नाही. एसएसएचनं पलीकडच्या सर्व्हरवर असाल तरी मजकूर त्याच चौकटीतून पुढे जातो. आणि एंटर वेगळ्या हाकेनंच पाठवावा लागतो, म्हणजे माझा नियम रचनेतच बसून जातो.

फाइली पुसण्यासाठी माझ्या शब्दयादीत एकही आयता शब्द नाही. 'आरएम'सुद्धा अक्षरं जुळवूनच म्हणावं लागतं. स्वतःच्या मशीनवर फाइल कचरापेटीत टाकणारं ट्रॅश-पुट वापरते, चुकलं तर परत काढता येतं. सर्व्हरवर 'आरएम'ला मोठ्या 'आय'चा पर्याय लावलेला एलियस आहे, तो तीनहून जास्त फाइली किंवा अख्खी डिरेक्टरी असेल तर एकदा विचारतो. आणि पासवर्ड कधीही, कुठल्याही कारणानं बोलू नका. शेजारचा ऐकतो एवढंच नाही, तर बऱ्याच सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ओळखलेला मजकूर साठत असतो. एसएसएचच्या किल्ल्या आणि एजंट वापरा, बाकीचं पासवर्ड मॅनेजरला करू द्या.

माइक वायरचा, डोक्याला लावायचा घ्या आणि तो ओठांच्या समोर नको, कोपऱ्याशी दोन बोटांवर असू द्या. ब्लूटूथ हेडसेट माइक सुरू करताच फोनकॉलच्या पद्धतीवर जातो, आणि जुन्या हेडसेटमध्ये तिथे आवाज 8 किलोहर्ट्झवर येतो. व्होस्कची मॉडेलं 16 ची अपेक्षा धरतात. पंख्याचा झोत माइकवर नको. सुदामानगरच्या आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, तेवढी पाच मिनिटं मी माइक झोपवते. कुकरला मात्र 'अनोळखी'ची खूण पुरते.

पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल, यापेक्षा दुखरा हात बरा. मलाही वाटलं होतं आणि मी तसं केलंही. चार दिवसांसाठी कीबोर्डवर परत गेले आणि दुखणं दोन महिने लांबलं. कृपा करून तसं करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त वर्णमाला, अंक, टॅब, वर-खाली आणि 'रुको' एवढंच करा, तेही चाचणी मशीनवर. कमांड आधी मनात पूर्ण जुळवा, मग एका श्वासात म्हणा. मधे विचाराला थांबलात की इंजिन वाक्य संपलं असं धरून तेवढंच पुढे पाठवतं. खालच्या पट्टीत, नेहमीच्या आवाजात बोला, पाणी जवळ ठेवा. घसा बसायला लागला तर त्या दिवशी बोलणंही थांबवा. एक दुखणं टाळताना दुसरं ओढवून घ्यायला नको.

राहिला ऑफिसचा प्रश्न. संकोच होतो हे खरं आहे. मी विजयनगरला एका ग्राहकाकडे आठवड्यातून दोन दिवस बसते, तिथे पहिल्या दिवशी आवाजच फुटेना. कुजबुजून बघितलं, तर इंजिनला काहीच कळेना, कारण कुजबुजताना कंठ थरथरत नाही आणि 'ब' व 'प' यांतला फरकच नाहीसा होतो. हळू बोला, पण आवाज काढून बोला. साहेबांना सरळ सांगा की 6 आठवडे असं आहे, कोपऱ्यातली जागा द्या. डॉक्टरांची चिठ्ठी आहेच. आणि टेबलावर दोन बाजूंची एक पाटी ठेवा, एका बाजूनं लाल. माइक चालू असला की लाल बाजू पुढे. मी हे उशिरा केलं. त्याआधी चहा घेऊन येणारे काका माझा 'रुको' ऐकून दोनदा दारातच ट्रे धरून उभे राहिले होते, आणि मला पत्ताच नव्हता. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, कशाशी बोलते, का बोलते, हाताला काय झालंय. आता ते आधी पाटी बघतात, लाल असली तर ट्रे बाजूच्या टेबलावर ठेवून जातात.